बॅरेंट्स समुद्रात दिवसभर लाटा: आई-नानांची तयारी कशी करायची?

भुसावळकर

राम राम मंडळी. आई-नाना ऑगस्टअखेर आर्क्टिक क्रूझला निघाले आहेत. बोट उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून सुटते, बॅरेंट्स समुद्रातून जाताना वाटेत बेअर आयलंड बेट, पुढे स्वालबार्ड बेटांमधलं स्पिट्सबर्गन, आणि तिथल्या लाँगइयरबेन गावाला उतरायचं. जहाज शंभरेक मीटर लांब, प्रवासी दीडशेच्या आत. कार्यक्रमपत्रिकेत दुसऱ्या दिवसासमोर नुसतं 'समुद्रात' असं लिहिलंय. तो दिवस खवळलेला निघाला तर काय, ही काळजी आहे.

आईचं वय ६४. मधुमेहाच्या दोन गोळ्या चालू, त्यातली एक ग्लिमेपिराइड. कन्नडचा घाट चढताना एसटीत दर वेळी तिच्या पोटमा कालवाकालव होते. नाना ६९, बीपीची आणि प्रोस्टेटची गोळी चालू. त्यांना गाडी लागत नाही, पण रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. दोघं शाकाहारी.

केबिनचे दोन पर्याय आहेत: तिसऱ्या डेकवर मधोमध गोल खिडकीची, किंवा सहाव्या डेकवर पुढच्या बाजूला बाल्कनीची. नानांचा ओढा बाल्कनीकडे. गोळ्या कोणत्या, कधी? खायचं काय? आणि त्या दिवशी जहाजावर नेमकं काय काय होतं? जाणकारांनी सविस्तर सांगा.

डेकवाला_चाळीसगाव

भाऊ, केबिन तिसऱ्या डेकवरचीच घ्या. हिशेब सोपा आहे. जहाज दोन्ही कुशींवर १० अंश कलंडत असेल, तर डोलण्याच्या आसापासून १५ मीटर वर असलेला माणूस प्रत्येक बाजूला अडीच मीटरच्या आसपास फेकला जातो. तीन मीटर वर असलेला अर्धा मीटर. पुढचं टोक वर-खाली होतं तेव्हाही तीच गत. फक्त ३ अंशांचा चढउतार धरला, तरी मध्यापासून ४० मीटर पुढे झोपलेला माणूस दोन मीटर वर आणि दोन मीटर खाली जातो, तेही दर सात-आठ सेकंदांनी. मधल्या केबिनमध्ये हे जवळजवळ जाणवत नाही. शिवाय पुढच्या केबिनमध्ये नाळ (बोटीचं पुढचं टोक) पाण्यावर आपटल्याचे दणके रात्रभर ऐकू येतात. बाल्कनीचा उपयोग म्हणाल, तर खराब हवेत तिचं दार बंद ठेवायलाच सांगतात. पैसे त्यासाठी मोजायचे का, ते नानांना विचारा.

खालच्या केबिनचा एक तोटा मात्र आहे. लाटा वाढल्या की गोल खिडकीवर आतून लोखंडी झाकण बसवतात, मग बाहेरचं काही दिसत नाही. म्हणून ती केबिन झोपायला वापरा आणि जागेपणी मधल्या डेकच्या लाउंजमध्ये, जिथून क्षितिज दिसतं तिथे बसा.

आता मार्गाचं. बेअर आयलंड ट्रॉम्सोच्या जवळजवळ सरळ उत्तरेला, तीनशेच्या आसपास सागरी मैलांवर आहे. १३ नॉटने (ताशी १३ सागरी मैल) गेलं तर २२-२३ तास. तिथून स्पिट्सबर्गनचं दक्षिण टोक आणखी सव्वाशे मैल, म्हणजे दहा तास. ट्रॉम्सोतून निघाल्यावर पहिले काही तास बोट बेटांच्या आडून जाते, पाणी शांत असतं, सगळे मजेत जेवतात. बेटं संपली की मोकळा समुद्र. गोळी घ्यायची वेळ बेटं संपण्याच्या आधीची, हे आईंना पक्कं सांगा.

मार्ग उत्तरेचा असल्याने पश्चिमेकडून येणारी लाट जहाजाच्या कुशीवर बसते आणि जहाज डोलतं. उत्तरेचा वारा असेल तर नाळ चढते-उतरते. डोलणं आवरायला जहाजाच्या पोटाला दोन बाजूंनी पंख असतात, विमानाच्या पंखांसारखे वळणारे. त्यांचा जोर वेगावर अवलंबून: वेग निम्मा केला की जोर चौथा हिस्सा. त्यात नाळेच्या चढउताराला त्यांचा काहीच उपयोग नाही. म्हणून 'आमच्या बोटीला स्टॅबिलायझर आहेत' या जाहिरातीवर विसंबू नका. बर्फात जाणाऱ्या जहाजांची आणखी एक अडचण अशी, की त्यांचा तळ गोलसर ठेवलेला असतो. डोलणं कमी करणाऱ्या कडेच्या पट्ट्या बर्फात तुटतात म्हणून त्या छोट्या असतात किंवा नसतातच. बर्फाला चांगली बोट मोकळ्या पाण्यात जास्त झुलते.

अंदाज बघायचा तर विंडी या हवामानाच्या साइटवर लाटांचा थर लावा आणि उंचीसोबत सेकंदांचा आकडाही (दोन लाटांमधला वेळ) वाचा. तिथे ३ मीटर लिहिलं असेल तर ती सगळ्यांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट त्याच्या दुप्पटीजवळ जाऊ शकते. ३ मीटर आणि १२ सेकंद म्हणजे लांब, सावकाश हेलकावा. तेच ३ मीटर ६-७ सेकंदांचे असतील तर अंग मोडतं, कारण पाच-सहा सेकंदांच्या वर-खाली होण्यानेच माणसाला सर्वांत जास्त मळमळतं. वाऱ्याचं म्हणाल, तर ब्यूफोर्ट या वाऱ्याच्या जोराच्या मापात ६ म्हणजे २२ ते २७ नॉट, मोकळ्या समुद्रात लाट ३ मीटरची. ब्यूफोर्ट ८ म्हणजे ३४ ते ४० नॉट, लाट साडेपाच मीटरची. ऑगस्टअखेर बर्फाची कड स्वालबार्डच्या बरीच उत्तरेला सरकलेली असते. त्यामुळे लाट दाबायला बर्फाचा आधार या टप्प्यात मिळणार नाही. फ्योर्डमध्ये (डोंगरांमधल्या अरुंद खाडीत) शिरल्यावर मात्र पाणी बहुतेक वेळा तळ्यागत असतं.

कॅप्टनच्या हातात काय काय असतं? वेग कमी करणं, लाट तिरकी घेणं, सुटायची वेळ पुढे-मागे करणं, बेटाच्या आडोशाला थांबणं. बेअर आयलंडला बंदर नाही. उसळी आणि धुक्यामुळे तिथलं उतरणं रद्द होणं ही नेहमीची गोष्ट आहे, ती बोनस धरा. रद्द झालं म्हणून वाद घालू नका. रबरी बोटीत चढताना जिन्यापाशी ती बोट मीटर-दीड मीटर वर-खाली होत असेल, तर ६९ वर्षांच्या गुडघ्यांनी तिथे पाय न टाकलेलाच बरा.

रावेरची_ताई

सोपा उपाय: अॅव्होमिनची गोळी खिशात ठेवायची, मळमळायला लागलं की घ्यायची. मनगटाला तो बटणवाला पट्टा बांधायचा. सुंठ चघळायची. एवढं पुरतं.

दवाखाना_धुळे

ताई, सुंठीला माझी हरकत नाही. पट्ट्याबद्दल ठोस पुरावा नाही, बांधला तर नुकसानही नाही. पण 'मळमळायला लागलं की गोळी' हे उलटं आहे. एकदा मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं आणि गोळी पोटातच पडून राहते. बऱ्याचदा उलटीत बाहेर येते. आतला कान 'हललो' सांगतो, केबिनची भिंत बघणारे डोळे 'स्थिर आहोत' सांगतात, त्या भांडणातून हे होतं. मेंदूतला तो मार्ग आधीच शांत करायचा असतो.

आईंसाठी दोन सरळ पर्याय आहेत. प्रोमेथाझिन थिओक्लेट २५ मि.ग्रॅ., म्हणजे तुमची अॅव्होमिन: लांबच्या प्रवासाला आदल्या रात्री झोपताना, नाहीतर निघण्याच्या एक-दोन तास आधी. झोप भरपूर आणते. दुसरी सिन्नारिझिन २५ मि.ग्रॅ.: दोन तास आधी, पुढे गरजेप्रमाणे आठ-आठ तासांनी. हिने गुंगी तुलनेने कमी येते. पार्किन्सन असलेल्यांना ती देत नाहीत. दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत. कोणतीही ठरवा, पण भुसावळला असतानाच सुट्टीच्या दिवशी एक गोळी घेऊन बघा. किती झोप येते, तोल जातो का, तोंड किती कोरडं पडतं, हे घरच्या पलंगावर कळलेलं बरं.

नानांना गाडी लागत नसेल तर त्यांना आधीपासून काही देऊ नका. ही बहुतेक औषधं लघवी अडवू शकतात. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी समुद्रात अडली तर प्रकरण उलटीपेक्षा फार मोठं होतं. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी परदेशात सर्रास वापरतात. निदान चार तास आधी लावली की तीन दिवस काम करते. पण प्रोस्टेट आणि काचबिंदूवाल्यांसाठी ती धोक्याची. सहप्रवासी प्रेमाने देऊ करतील, नानांनी घ्यायची नाही. त्रास झालाच तर जहाजाच्या डॉक्टरांना आधी प्रोस्टेटच्या गोळीचं नाव सांगायचं, मग पोटाचं. गोळ्यांची यादी रासायनिक नावांसह इंग्रजीत टाइप करून दोघांच्या पाकिटात ठेवा. आपल्याकडची ब्रँडची नावं तिथल्या डॉक्टरांना कळत नाहीत.

आता आईंचा मधुमेह. खरी काळजी इथे आहे. ग्लिमेपिराइड घेतली आणि जेवण गेलं नाही किंवा उलटून पडलं, तर साखर उतरते. घाम, थरथर, गरगरणं ही लक्षणं बोट लागण्यासारखीच दिसतात आणि सगळे म्हणतात, 'पडून राहा, बरं वाटेल'. म्हणून ग्लुकोमीटर हाताशी ठेवा आणि त्या दिवशी चार-पाच तासांनी साखर बघा. ७० च्या खाली गेली तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा. खाणं जात नसलेल्या दिवशी ती गोळी घ्यायची की वगळायची, मेटफॉर्मिन असेल तर तिचं काय, हे त्यांच्या डॉक्टरांकडून निघण्याआधी कागदावर लिहून घ्या. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर नानांसाठीही तेच विचारा, कारण उलट्यांनी अंगातलं पाणी आधीच गेलेलं असतं.

ओआरएसची दहाएक पाकिटं न्या. मोठं पाकीट एक लिटरचं, छोटं २०० मिलीचं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, अंदाजाने नाही. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबून मग दर काही मिनिटांनी दोन घोट. गटागटा पाजलं की परत बाहेर येतं.

आणि माझ्या मते या जोडप्याला सर्वांत मोठा धोका उलटीचा नाहीच, पडण्याचा आहे. नाना रात्री दोन-तीनदा उठतात, प्रोस्टेटच्या गोळीने उठल्या उठल्या बीपी उतरू शकतं, खालची जमीन कलतेय आणि बाथरूमच्या दाराला उंबरा आहे. खुब्याचं हाड मोडायला एवढं पुरे.

डेकवाला_चाळीसगाव

डॉक्टरसाहेब बरोबर बोलले. बोट लागलेला माणूस दोन दिवसांत सरळ होतो, पडलेला होत नाही. म्हणून त्या रात्रीचं बारकाईने लिहितो.

बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार हुकाने पक्कं उघडं अडकवा, नाहीतर पूर्ण बंद करा. अर्धवट दार हे बोटं चेचण्याचं यंत्र आहे. नानांनी उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, मग कठडा धरून उभं राहायचं, आणि लघवी बसूनच करायची. पुरुषमंडळी इथे मानापमान आणतात, पण डोलत्या बोटीत उभ्याने निशाणही साधत नाही आणि तोलही. अंघोळ त्या दिवशी राहू द्या. ओल्या रुमालाने अंग पुसलं तरी चालतं.

हात कठड्यावर ठेवायचा, दाराच्या चौकटीवर कधीच नाही. जड दार असेल तर जहाज परत सरळ होईपर्यंत थांबा, मग उघडा. खवळलेल्या समुद्रात लिफ्ट बंद ठेवतात, त्यामुळे जिना आलाच. दोन्ही हात मोकळे हवेत, पर्स खांद्यावर तिरकी. आईंना म्हणावं, त्या दिवशी साडी नको. निऱ्या पायात येतात. पंजाबी ड्रेस किंवा ट्रॅकपँट घाला. चप्पल-स्लिपर नको, मागून बंद असलेले रबरी तळाचे बूट हवेत. चष्म्याला दोरी लावा.

झोपताना गादीच्या बाहेरच्या कडेखाली गुंडाळलेली जादा चादर सारा. गादी भिंतीकडे कलते आणि माणूस त्या खोबणीत अडकून झोपतो, गडगडत नाही. काही जण यासाठी लाइफ जॅकेट वापरतात. ते करू नका, जॅकेट जिथे टांगलंय तिथेच हाताला लागलं पाहिजे. पाण्याच्या बाटल्या, मोबाइल, ग्लुकोमीटर, सगळं ड्रॉवरमध्ये घालून कडी लावा. कपाटाच्या दारांनाही. एक मोकळी बाटली गडगडत राहिली तरी रात्रभर झोप नाही.

उलटीच्या पिशव्या त्या दिवशी कठड्यांवर जागोजागी खोचलेल्या असतात. वापरलेली पिशवी संडासात टाकू नका. तिथली यंत्रणा हवेच्या ओढीवर चालते, एक पिशवी अडकली की आजूबाजूच्या केबिनचेही संडास बंद पडतात, आणि मग त्या दिवशीचा वास विचारू नका.

भुसावळकर

खूप आभार. तिसरा डेक ठरला. नाना जरा फुगलेत, पण अडीच मीटरचा हिशेब दाखवल्यावर गप्प बसले. आणखी दोन गोष्टी. खाण्याचं कोणीच बोललं नाही. आणि आईचा एकच प्रश्न आहे: 'इंजिन बंद पडलं तं आते कसं व्हई?'

इंजिनरूम

आईंचा प्रश्न बरोबर आहे. २३ मार्च २०१९ ला नॉर्वेच्या हुस्टाडविका भागात वादळात 'व्हायकिंग स्काय' या जहाजाची इंजिनं बंद पडली होती. जहाजावर १,३७३ माणसं होती. ४७९ जणांना हेलिकॉप्टरने उचललं, उरलेल्यांना घेऊन जहाज दुसऱ्या दिवशी बंदरात पोचलं. जीवितहानी झाली नाही. कारण वंगण तेलाचं होतं. टाक्यांमधली पातळी कमी होती, जहाज जोरात हलल्यावर तेल एका बाजूला गेलं, पंपाच्या तोंडाशी हवा आली, दाब पडला आणि इंजिनाने स्वतःला वाचवायला स्वतःच बंद करून घेतलं. डोलत्या पाण्यात टाकीत तेल 'आहे' एवढ्याने भागत नाही, कलल्यावरही पंपाचं तोंड बुडालेलं राहील इतकं लागतं. त्या घटनेनंतर वादळाआधी ही पातळी तपासण्याकडे सगळीकडे जास्त बारकाईने बघतात.

एरवी ऐकू येईल तो आवाज असा: नाळ खाली गेली की बोट ढकलणारा मागचा पंखा पृष्ठभागाजवळ येतो, पाण्याचा भार कमी होतो, फेरे वाढतात आणि अख्खं जहाज थरथरतं. लगेच गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारं यंत्र) इंधन कमी करतो. थरथर, मग शांतता, मग परत थरथर. हे बिघाडाचं लक्षण नाही. काळजीचं लक्षण म्हणजे सात छोटे आणि एक लांब भोंगा. तो वाजला की गरम कपडे, औषधं आणि लाइफ जॅकेट घेऊन ठरलेल्या जागी जायचं. ती जागा पहिल्या दिवशीच्या कवायतीत दाखवतात. कवायत चुकवू नका आणि तिथपर्यंतचा जिना दोघांनी एकदा स्वतः चालून बघा. १ जानेवारी २०१७ पासून ध्रुवीय पाण्यातल्या जहाजांना पोलर कोड ही आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमावली लागू आहे. मदत यायला किमान पाच दिवस लागतील असं धरून जीवरक्षक साधनं ठेवावी लागतात आणि लाइफबोटी उघड्या चालत नाहीत.

सहलवाला_जळगाव

खाण्याचं मी सांगतो. रिकामं पोट सर्वांत वाईट, त्याखालोखाल तुडुंब पोट. दर दोन-तीन तासांनी मूठभर कोरडं: खारी बिस्किटं, टोस्ट, कुरमुरे, भाजलेले चणे. जहाजावर साधा भात, उकडलेला बटाटा, केळी मिळतात. केळं त्या दिवशी उत्तम (जळगावचं नसेल, चालवून घ्या). शेवभाजी, ठेचा, लसणाची चटणी हे सगळं परतीनंतर. लसणाच्या चटणीचा डबा बंद केबिनमध्ये उघडला की आई सोडाच, शेजारच्या केबिनलाही उलटी होईल. चहा अर्धा कपच घ्या, कॉफी कमी. दारू घेत असतील तर त्या दिवशी नाही, गोळीसोबत तर मुळीच नाही. शाकाहारी जेवण बुकिंगच्या वेळी लेखी कळवा आणि मासे, अंडी, चिकनचा रस्सा यातलं काय काय चालत नाही ते वेगवेगळं लिहा. नुसतं 'व्हेज' लिहिलं की सूपमध्ये माशाचं पाणी येऊ शकतं. नॉर्वेत युरोपबाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, तूप नको. केबिनमध्ये किटली किंवा इंडक्शन चालत नाही, आगीच्या भीतीने जप्त करतात.

व्हिसा दुहेरी किंवा अनेकदा प्रवेशाचा हवा. स्वालबार्ड शेंगेनमध्ये (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत) येत नाही, त्यामुळे ट्रॉम्सोहून निघालं की बाहेर आणि लाँगइयरबेनहून ऑस्लोला आलं की परत आत. एकेरी व्हिसावर परतीला अडकाल. विम्यात क्रूझ आणि आजाऱ्याला विमानाने हलवण्याचा खर्च आहे का, हे शब्दशः वाचा. लाँगइयरबेनचं इस्पितळ छोटं आहे, गंभीर रुग्ण ट्रॉम्सोला विमानाने नेतात. आधीपासूनचे मधुमेह-बीपी फॉर्मवर लपवू नका. आणि मोबाइल बोटीवर चढताच एअरप्लेन मोडवर टाका. जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क आपोआप पकडलं गेलं की बिल हजारोंत येतं.

भुसावळकर

शेवटचं एक, डॉक्टरसाहेब. बोट संध्याकाळी सहाला सुटते. सिन्नारिझिन धरली तर आईचं वेळापत्रक कसं लावू?

दवाखाना_धुळे

त्यांच्या डॉक्टरांनी होकार दिला आहे असं धरून: पहिली दुपारी चारला, थोडं खाऊन. जेवण लवकर आणि हलकं, बेटांच्या आडोशात असतानाच. दुसरी रात्री बाराला. त्यासाठी गजर लावा, जागं राहू नका. तिसरी सकाळी आठला, उठायच्या आधी पडल्या पडल्या दोन खारी बिस्किटं खाऊन. बिस्किटं आणि पाणी उशाशी, ड्रॉवरमध्ये. आठनंतर समुद्र बघून ठरवा. शांत असेल तर बंद. ग्लिमेपिराइड सकाळी साखर तपासून आणि समोर नाश्ता आल्यावरच, बिस्किटांच्या भरवशावर नाही.